पावसाळ्यात थांबलेला तांडा

वेळ चालवणं हा माझा धंदा आहे. हसू नका. पुण्याच्या एका गेम कंपनीत मी कामाला आहे आणि दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावर घरी बसूनच ते काम करते. आमचा गेम मध्ययुगातल्या वऱ्हाडाचा. त्यात एक कसबा आहे, भोवती काळीभोर शेतं. खेळणारा तिथं असो नसो, लोहाराचा भाता सकाळी सुरू होतोच, पेरलेलं उगवतंच, म्हातारी माणसं मरतातच. बाकीच्या कितीतरी गेममध्ये दुकानदार वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच सदऱ्यात आपली वाट बघत उभा असतो. मला त्या प्रकाराची भयंकर चीड आहे. माणूस आहे की खांब?

तर या कसब्यात मी लमाणांचा तांडा आणला होता. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून तो समुद्राकडून येई आणि इथलं धान्य घेऊन जाई. आमचे पूर्वज हेच करत. आमच्यात त्याला लदेणी म्हणतात. कंपनीतल्या पोरापोरींनी ऐकलेलंही नव्हतं, त्यामुळे माझी कॉलर टाईट होती. एका दुपारी मोठ्या तोऱ्यात मी बाला ते दाखवलं. बा म्हणजे माझे वडील. कापूस आणि तूर काढणारा माणूस, कौतुकाचा शब्द काढायला महाकंजूष. स्क्रीनवर पाऊस कोसळत होता आणि पावसातून तांडा चालला होता. बानं बराच वेळ पाहिलं.

"हे काहून चालून राह्यले?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, व्यापार आहे, बारा महिने चालतो.

"श्रावणात? काळ्या मातीत? बैल पोटापर्यंत फसतीन ना वं. आपल्याच लोकायचं तू असं दाखवतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आमच्या दारातून पावसाळ्यात ट्रॅक्टर निघत नाही हे जन्मापासून बघतेय, आणि शेकडो बैल मी चिखलातून हाकलले. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला सोडलं नसतं.

मग बा सांगत गेला आणि मी लिहीत गेले. चौमासात तांडा मुरमाड उंचवट्यावर उतरायचा, जवळ चारा-पाणी पाहून. बैलांच्या पाठीवरच्या जखमा भरायच्या त्याच दिवसांत. लग्नं त्याच दिवसांत. बाया भरतकामाला बसायच्या. निघायचं कधी, ते कसं कळायचं, असं मी विचारलं. खुराच्या ठशात पाणी साचेनासं झालं की, बा म्हणाला. मी ते जसंच्या तसं गेममध्ये घातलं. तांडा चार महिने थांबवला, आणि थांबला तरी त्याची वेळ थांबवली नाही. आला तेव्हा नवरी नसलेली पोरगी निघताना नवरी होती. सगळ्यांच्या पुढं बिनओझ्याचा चालणारा म्हातारा बैल त्या मुक्कामातच मेला आणि त्याच्या जागी दुसरा आला.

कसब्यातलं मीठ मात्र संपलं. साहेबांनी कॉलवर माझी हजेरीच घेतली. खेळणारा मीठ घ्यायला येईल, मिळणार नाही, तो गेम बंद करून निघून जाईल, असं त्यांचं म्हणणं. तांडा पुन्हा बारमाही कर, नाहीतर काढून टाक, तिथं मिठाचं दुकान उभं करू. माझं डोकंच सणकलं. मग बैलांना पंखही लावा, मी म्हटलं, आणि वर म्हटलं की खोटा चालवायचा असेल तर माझा तांडा मला परत द्या. साहेब माणूस शांत. शुक्रवारी बाहेरचे पाच जण खेळून बघतील, ते कंटाळले तर तांडा जाईल, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळपासून मी बाला घेऊन लॅपटॉपसमोर बसले. पाचांचे पाच पडदे आम्हाला दिसत होते. चौघांनी मिठासाठी कुरकुर केली आणि झोपायचं बटण दाबून पावसाळा उडवून टाकला. पाचवी एक बाई होती. तीही वैतागली, पण तांडा गेला कुठं म्हणून पावसात शोधायला निघाली. उंचवट्यावर तिला तो सापडला. तिनं बटण दाबलं नाही. लग्न बघितलं, म्हाताऱ्या बैलापाशी थांबली, आणि ठसे कोरडे पडून तांडा उठला तेव्हा त्याच्या मागं चालू लागली. मीठ मागायचंही विसरली.

थोड्या वेळानं कॉलवरून साहेबांचा आवाज आला. तांडा राहू दे, म्हणाले, गेम तर कुणीच बंद केला नाही, आणि ही बाई मीठही विसरली. इतकं बारीकसारीक कोणत्या पुस्तकात सापडलं, तेही सांग, गेमच्या शेवटी त्याचं नाव टाकू.

"पुस्तक नाही सर," मी म्हटलं. "माझा बाप आहे. शेजारीच बसलाय." असा अभिमान मला डिग्री घेतानाही वाटला नव्हता, आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

साहेबांनी बाला नमस्कार केला आणि अगदी अदबीनं विचारलं, काका, तुम्ही लहानपणी किती वर्षं तांड्याबरोबर फिरलात?

बानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. रांगेतला शेवटचा बैल टेकडीआड चालला होता.

"मी कुठचा फिरतो साहेब," तो म्हणाला. "माह्या बापाच्याबी आधीच बंद झालतं ते. आमी निस्तं ऐकत आलो. चालता तांडा मीबी आजच पाह्यला."