पावणेचारची कडी

या फोरमवर मी बरेच दिवस फक्त वाचत आलोय. लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी मूळचा नांदगावचा. वडील बाजारात पोती उचलायचे. आई सही करायला शिकली ती माझ्या चौथीच्या पाटीवर. त्या दोघांनी मला बी.एस्सी. केलं, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नोकरी लागली ती सातपूरच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. तिथे दिवसभर एकच शिकवण — मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढचं जे आहे ते मला आजपर्यंत मोजता आलेलं नाही.

साल अठ्ठ्याण्णव. आम्ही पेठ रोडला शहर संपता संपता एका छोट्या बैठ्या घरात भाड्याने राहायचो. पुढे हातभर अंगण, लोखंडी फाटक आणि फाटकाला कडी. पलीकडे सरूबाईंचा भाजीचा आणि फुलांचा मळा. त्या वर्षी आमचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं... आणि माझी बायको सुनीता बोलायचीच थांबली. स्वयंपाक करायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची, बस. मी सकाळी सहाला बाहेर पडायचो तो साडेचारला परत. दिवसभर ती एकटी.

कंपनीतल्या एकाने सुचवलं, घरात कुत्रा आणा. गंगापूर रोडच्या बाजूला एक निवृत्त शिक्षिका सोडून दिलेली कुत्री सांभाळायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. शनिवारी आम्हाला साप्ताहिक सुट्टी, तेव्हा गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये वीसेक कुत्री होती, पण दिसला एकच. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. मी आत पाऊल टाकलं आणि त्याने माझी चप्पल पळवली, शेडला दोन चकरा मारल्या आणि ती परत माझ्याच पायाशी आणून ठेवली.

"हा बंड्या," बाई म्हणाल्या. "माणसांचा भारी वेडा. कुणाच्याही अंगावर जात नाही, चावत नाही, भुंकतसुद्धा नाही फारसा."

"मग अजून कसा राहिला इथे?"

"राहिला नाही हो, परत आला. तीन घरांतून. कारण विचारलं तर म्हणतात, जमलं नाही. नीट सांगत कुणीच नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "परत आणणार असाल तर नेऊच नका. चौथ्यांदा त्याला समजवायला माझ्याकडे शब्द नाहीत."

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. निघताना आपण म्हणतो तसं सवयीने म्हणालो, "बरं, येतो." आपल्याकडे निघताना 'जातो' कुणी म्हणतं का? पण तो शब्द ऐकला आणि एवढा वेळ उड्या मारणारा बंड्या एकदम थांबला. जाळीपाशी गेला, खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

पुढच्या शनिवारी गेलो तर बाई म्हणाल्या, "आठ दिवस तिथेच बसलाय. ताटली तिथे नेऊन द्यावी लागते." मला भरून आलं. म्हटलं, एवढा जीव लावणारं जनावर परत कोण करतं? त्याच दिवशी घरी आणला.

त्याने घरात शिरल्या शिरल्या सुनीताच्या हातातलं लाटणं पळवलं. ती मागे धावली. अंगणात दोघांची ओढाओढ झाली आणि मी तिचं हसणं ऐकलं. चार महिन्यांनी. ते हसणं ऐकून मी मनात पक्कं केलं की काही झालं तरी हा कुत्रा आता या घरातून जाणार नाही.

आठवडाभर सगळं छान चाललं. सुनीता बोलायला लागली. एका संध्याकाळी म्हणाली, "अहो, सरूबाईंवर याचा काय जीव आहे. रोज पावणेचारला कडी वाजली की वेड्यासारखा धावतो."

सरूबाई रोज दुपारी उरलेली शेवंती द्यायला यायच्या, कधी फाटकालाच अडकवून जायच्या, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही.

शनिवार आला. मी दारात स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. सुनीता आत चहाची तयारी करत होती. ऊन स्वच्छ, रस्त्यावर एक टेम्पो उभा, मळ्यात मोटार चालू... म्हणजे भीती वाटावी असं काहीच नव्हतं. कडी वाजली. मी पेपर खाली केला. कडी वर उचललेली होती. फाटक बंद होतं. बाहेर कुणी नव्हतं.

बंड्या सुटला. कुँ-कुँ करत, सगळं अंग हलवत फाटकाशी पोचला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. पुढचे दोन्ही पाय त्याने उचलून... कशावर तरी ठेवले. माणसाच्या छातीच्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. कुत्रा दोन पायांवर असा क्षणभर उभा राहतो आणि खाली येतो. हा उभाच होता. टेकून उभा होता. त्याच्या डोक्यावरचे केस मागे दबत होते आणि पुन्हा उभे राहत होते.

मी स्टुलावरून अर्धवट उठलो. तेवढ्यात आतून, कडीचा आवाज ऐकून, सुनीताने नेहमीच्या मोकळेपणाने हाक दिली, "या ना, आत या. चहा टाकतेच आहे."

तिला वाटलं सरूबाई आल्या.

बंड्या खाली आला. वर बघत, शेपूट हलवत, कुणाच्या तरी बाजूने चालत तो माझ्या जवळून घरात गेला. आणि मला वास आला. लेथवर लोखंड कापताना वरून सोडतात त्या तेलाचा. ज्याने कारखान्यात मशीनवर काम केलंय त्याला तो वास झोपेतही ओळखू येईल. मी त्या दिवशी घरीच होतो, आंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत.

आमच्याकडे नायलॉनच्या पट्ट्यांची एक खुर्ची होती. कुणी बसलं की करकरायची. ती करकरली. बंड्याने तिच्यापुढे बसून हनुवटी टेकवली... खुर्चीवर नव्हे, तिच्या पुढे, हवेत, गुडघ्याच्या उंचीवर. सुनीता कप घेऊन बाहेर आली, खुर्चीकडे बघितलं, बंड्याकडे बघितलं. कप तिच्या हातातून पडला नाही. तिने तो अगदी सावकाश खाली ठेवला आणि येऊन माझा दंड धरला. दहा-बारा मिनिटांनी बंड्या उठला, अंग झटकलं आणि चेंडू घेऊन खेळायला आला. जसं काही झालंच नाही.

त्यानंतर रोज. सुनीता साडेतीनलाच मळ्यात जाऊन सरूबाईंपाशी बसायची. मी नांदगावहून आईला बोलावून घेतलं. आईने पहिल्या दिवशी सगळं डोळ्यांनी बघितलं. रात्री सगळ्यांना जेवायला वाढलं. मग म्हणाली, "आतापत्तर तो फाटकाशीच यायचा ना?"

"हो."

"मंग तुम्ही 'या' म्हणलात. आपण बोलावलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं? मला नाय जमायचं, अन् हिला तर नायच नाय." मग बंड्याकडे बघत म्हणाली, "लय गुणाचं कुत्रं हाय रे. पण सोडून ये. हिचं पोट पुन्हा भरायचं हाय."

सुनीता काहीच बोलली नाही. बंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. ती पुन्हा गप्प होईल याची मला त्या खुर्चीपेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एकटाच बाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "आणला नाहीत?"

"बाई, याला पहिल्यांदा तुमच्याकडे कुणी आणलं?"

त्यांनी वहीत बघून सांगितलं — सातपूर कॉलनीतली एक बाई, नवरा लेथवर ऑपरेटर होता, वारला. ती पेठ गावी भावाकडे गेली. तिचं नाव इथे यमुना एवढंच लिहितो.

शनिवारच्या पहिल्या बसने पेठ गाठलं. भावाच्या ओट्यावर ती नाचणी पाखडत होती. तिशीसुद्धा नसेल. मी म्हटलं, बंड्या माझ्याकडे आहे. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"पावणेचारला ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने भावजयीला आत पाठवलं आणि मग बोलली. नवरा साडेतीनला सुटायचा, पावणेचारला घरी. बाहेर पडताना रोज बंड्याचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणायचा, येतो रे. "त्या दिवशी मी न्हाणीत होते. मला सांगायला थांबले नाहीत. त्यालाच सांगून गेले. सुटल्यावर त्र्यंबक रोडला ट्रकने..." ती थांबली. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून कडी वाजायला लागली. मला एकदाही काही दिसलं नाही, दादा. सगळं त्यालाच दिसतं. आणि मी घाबरले. स्वतःच्या नवऱ्याला घाबरून पळून आले मी. वाटलं, कुत्रं दुसरीकडे गेलं की थांबेल."

"तो घराकडे येत नाही," मी म्हटलं. "बंड्या असेल तिथे येतो."

"येतो म्हणाले होते ना," ती म्हणाली. "शब्द पाळतात."

ती माझ्याबरोबर आली. आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बंड्या तिच्या अंगाखांद्यावर चढला, तिचा पदर ओढला, रडल्यासारखे आवाज काढले. आई देवापुढे बसली. सुनीता पहिल्यांदाच मळ्यात गेली नाही, माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

कडी वाजली. बंड्या धावला, उभा राहिला, वर बघत आत आला. तेलाचा वास. खुर्ची करकरली.

यमुना खुर्चीपुढे जमिनीवर बसली, बंड्याच्या शेजारी. तिचा आवाज घरातल्यासारखा. "आलात ना? म्हणालात तसे आलात. रोज आलात. मीच नव्हते थांबले." मग तिने बंड्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता येतो म्हणू नका. माझ्याकडे बघा आणि जातो म्हणा. एकदाच म्हणा."

खुर्चीच्या पट्ट्या एकेक करून सैल झाल्यासारख्या वाजल्या. बंड्या उठला, फाटकापर्यंत चालत गेला. कडी उचलली गेली आणि पडली. तो तिथे बसला. शेपूट थांबलेली. खूप वेळाने परत आला आणि यमुनाच्या मांडीत डोकं खुपसून झोपला.

तिने त्याला नेलं नाही. म्हणाली, "इथे त्याचं घर झालंय." आईने तिची ओटी भरली नाही, पण डोक्यावरून हात फिरवला. पाचच्या बससाठी ती निघाली. फाटकाशी वळून, डोळे पुसत, सुनीताला म्हणाली, "येते हं, वहिनी."

म्हणाली आणि तिचा हात तोंडावर गेला. बंड्याने कान उभा केला होता.

पावणेचारची कडी पुन्हा वाजली नाही. पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. ती बंड्याच्या पाठीवर हात टेकून चालायला शिकली. आईसुद्धा त्याला भाकरीचा पहिला तुकडा टाकायची. यमुना मात्र कधी आली नाही.

२००६. बंड्या म्हातारा झाला होता. मागचे पाय गेलेले, अंगणात नेण्यासाठीही उचलावं लागायचं. मी कामावर होतो, मुलगी शाळेत. पुढचं सुनीताने सांगितलेलं आहे. सकाळी अकराच्या सुमारास, पेठची बस येते त्या वेळेला, कडी वाजली. पोत्यावर पडलेला बंड्या उठला. आपल्या पायांवर उठला. शेपूट हलवत फाटकाशी गेला. कडी वर होती आणि फाटक हळूहळू उघडलं. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी. इतक्या वर्षांत तिने स्वतःला सवय लावली होती, आधी बघायचं, मग बोलायचं. बाहेर कुणी दिसलं नाही. तिने 'या' म्हटलं नाही.

बंड्याने एकदा मागे वळून तिच्याकडे बघितलं. मग कुणाच्या तरी बाजूने चालावं तसा, वर बघत, रस्त्याने पेठच्या दिशेला निघून गेला. आम्ही तीन दिवस शोधला. मळे पाहिले, पाटाच्या कडेने गेलो, नाक्यावर विचारलं. सापडला नाही. आठवड्याने यमुनाच्या भावाचं कार्ड आलं. ताई त्याच सकाळी गेली होती.

मी कितीतरी प्रकारे जुळवून बघितलं. जनावराला वासावरून कळतं, लोखंड उन्हाने प्रसरण पावतं, दुःखात माणसाला भास होतात... सगळं माहीत आहे मला, शिकलोय मी. पण एकही माप त्या सगळ्याला बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

सुनीताला मी एकदाच विचारलं, तू त्याला हाक का नाही मारलीस? तुझ्या हाकेवर तो थांबला असता.

ती म्हणाली, "हाक मारायची म्हणजे 'ये' म्हणायचं ना, अहो. आणि 'ये' म्हटलं असतं तर एकटा तोच आला असता का?"