पोत्यांनी बुजवलेल्या खिडक्या

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — खरं तर कारणही मला नीट सांगता यायचं नाही.

मी इमारतींचे नकाशे काढतो. बुधवारा पेठेत ऑफिस आहे. कमी विजेत थंड राहणाऱ्या इमारती ही माझी ओळख. लोक भाषणाला बोलावतात, मीही मिरवतो. मी विणकराचा मुलगा आहे, हे मात्र भाषणात कधी येत नाही. का येत नाही? — सांगतो.

एका जुन्या पॉवरलूम कारखान्याच्या नव्या इमारतीचं काम मिळालं होतं. पश्चिमेच्या भिंतीत मागाच्या उंचीला मोठाल्या खिडक्या, समोरच्या भिंतीतही तशाच, वारा आरपार, पंखे अगदी मोजके. कागदावर फार देखणं दिसत होतं ते. बांधकाम सुरू होण्याआधी हरीकाका नकाशा बघायला आले. तिथले जुने विणकर. वडिलांच्या शेजारच्या मागावर आयुष्य काढलेले. बराच वेळ बघून म्हणाले, "बाळा, गरम वारा सुतावर आला तं धागा तुटीन. मंग खिडक्या बंदच कराव्या लागतीन. वर घे ना त्या, छताजवळ."

मला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! उन्हाळ्यात वडील खिडकीला पोतं लावूनच मागावर बसायचे. तरी मी हसलो. म्हटलं, "काका, जमाना बदलला आता." खिडक्या वर न्यायच्या तर सगळा नकाशा पुन्हा काढावा लागला असता. आणि तोही एका मागावरच्या माणसाचं ऐकून? — लाज वाटली मला. वडिलांचीही वाटायची.

मे महिन्यात त्या कारखान्यातली एकूण एक खिडकी पोत्यांनी बुजलेली होती. आत नुसती भट्टी. भर दुपारी हरीकाका मागावरच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत गेले.

चौकशीला मला बोलावलं. मी शांतपणे लिहून दिलं — हवा खेळती राहण्याची पूर्ण सोय होती. कामगारांनीच खिडक्या बंद केल्या. हरीकाकांच्या खिडकीतलं पोतं त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं. एक शब्दही खोटा नव्हता त्यात. केवढा हलकटपणा!

मग काकूंना भेटायला गेलो. त्या रडत नव्हत्या, संतापल्या होत्या — गेलेल्या नवऱ्यावर. म्हणाल्या, "आपल्या हातानं जीव दिला त्यांनी. पोरांचा तरी विचार करायचा होता." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुले तरी काही बोलले होते का रे ते, खिडक्यांचं?"

मी "नाही" म्हणालो.

काकू आजही आल्यागेल्याला सांगतात, माझा माणूस हट्टानं मेला. माझ्यासमोरही सांगतात. मी मान डोलावतो.