शून्य फायलींची यादी

चहा होईपर्यंत माझ्या नणंदेच्या वाटेला जाऊ नये, हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकले. त्या सकाळी मी इस्त्री करत होते आणि ती ओले केस टॉवेलात गुंडाळून आधण उकळायची वाट बघत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप! दारात तिचे साहेब उभे, हातात कागद, खिशात पेन.

"सुटीच्या दिवशी त्रास देतोय. एक सही हवी होती. अकरा वाजता सर्व्हरवरची जागा मोकळी करायचीय."

नणंद एका मोठ्या इस्पितळाच्या संगणक विभागात आहे. तिथले जुने संगणक केव्हाच भंगारात गेले. त्यांच्या नकला आता व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या प्रोग्रॅमने चालणारे संगणक, म्हणून सर्व्हरच्या पोटात राहतात. प्रत्येकाची अख्खी डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल, डिस्क इमेज. पुसण्याआधी ती उघडून आत काय आहे ते बघायचं, हे हिचं बारा वर्षांचं काम.

तिने कागद वाचला आणि भडकलीच.

"साहेब, या चौदा इमेज रिकाम्या कुणी ठरवल्या?"

"प्रोग्रॅमने. शून्य फायली दाखवतोय."

"परवा मीही तो चालवला होता. तो म्हणतोय, फाइलसिस्टीम ओळखता येत नाही. फायली कुठल्या पद्धतीने रचल्यात हेच त्याला कळेना, तर मोजणार काय, कपाळ? तुमच्या यादीत दोनच रकाने, भरलेली आणि रिकामी. मग टाकलं शून्य, झालात मोकळे!"

"अहो, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! वहिनी, डब्याचं झाकण निघालं नाही, तर डबा रिकामा म्हणून फेकतेस का गं?"

"नाही बाई. तुझ्या भावाला हाक मारते."

साहेबांना हसू आलं. तिला नाही.

"यातली नववी इमेज कृत्रिम पाय बनवणाऱ्या विभागाची. तिथल्या कारागिराला मी परवाच स्वतः विचारून आले. चारशे माणसांची मापं आहेत तिच्यात, दुसरीकडे कुठेही नाहीत. पुसलीत, तर ती माणसं कुबड्या टेकत पुन्हा मापाला येणार. तुम्ही जाल आणायला?"

"पण तुम्ही तरी वाचणार कशी?"

"ती पद्धत ओळखणारी जुनी सिस्टीम वेगळी उभी करीन. इमेजची प्रत तिला जोडीन, फक्त वाचण्यापुरती. दोन दिवस लागतील."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "गेल्या वर्षी अशाच यादीवर तुम्ही सही केली होतीत."

मी इस्त्री उभी केली. गेल्या वर्षी तान्ह्या बाळांच्या श्रवणचाचण्या पुसल्या गेल्या, तेव्हा ही दोन दिवस धड जेवली नव्हती. हे मला ठाऊक होतं, साहेबांनाही असणारच. तरी ते बोलले. माझंच डोकं फिरलं. चहा विचारणार होते, तो बेत मी रद्द केला.

"केली होती," नणंद म्हणाली. आवाज चढलेलाच होता. "न बघता केली. त्या चाचण्या माझ्या सहीने गेल्या. म्हणून आज सही मिळणार नाही."

"मग मी वर काय दाखवू? काहीतरी लिहून द्यावंच लागेल ना मला?"

तिने कागद त्यांच्या हातात परत दिला.

"माझं एवढंच म्हणणं आहे. या यादीत तिसरा रकाना आखा आणि त्यावर लिहा, 'वाचता आली नाही'."