विंचरून उरलेला वाख

कुरिती गावात एदुविना बालागेराचा वाख कुणीही ओळखायचं. इथे फिके नावाचं झाड पिकतं, घायपाताचाच एक प्रकार. त्याच्या पातीतून तिने काढलेला वाख वारभर लांब आणि सरळ असायचा. नवव्या वर्षी ती आईशेजारी वाख विंचरायच्या खिळ्यांच्या फणीवर कामाला बसली, त्याला पंचावन्न वर्षं झाली होती.

त्या वर्षी बुकारामांगा शहरातून युर्लेदी नावाची इंजिनियर आली. वाखाच्या गाद्या भिंतींना लावून खोलीतला आवाज शोषला जातो का, हे तिला तपासायचं होतं. आमच्या सहकारी संस्थेच्या शेडमध्ये तिने एक लांब नळी मांडली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला वाखाची चकती. किती आवाज परत येतो ते मधले माइक मोजायचे. चकत्या करायचं काम एदुविनाकडे आलं. तिने अर्थातच आपला सर्वांत चांगला वाख दिला.

चार दिवस आकडे वाईटच येत राहिले. चकती जाड केली, दाबून भरली, तरी अर्ध्याहून जास्त आवाज परत यायचा. पाचव्या दिवशी वाख संपला, तेव्हा युर्लेदीने फणीखाली साचलेला तुकड्यांचा गुंता उचलून साच्यात भरला. त्यावर मांजर झोपते, असं एदुविनाने तिला सांगून पाहिलं.

परत येणारा आवाज एकदम घटला. युर्लेदीने तीनदा मोजून पाहिलं. मग तिने समजावलं, की बारीक, आडव्यातिडव्या तंतूंत हवा अडखळते आणि आवाज तिथेच जिरतो.

एदुविनाने हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे मी जन्मभर जे काढून टाकलं, तेच तुम्हाला हवंय."

"हो, दोन्या एदुविना," युर्लेदी मानाने म्हणाली. "तेच."

"मग मला कशाला बोलावलंत? मांजरीला विचारायचं."

युर्लेदी हसली. एदुविना हसली नाही. दोन दिवस ती आलीच नाही. हात दुखतात, असं आपल्या मुलीला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आली ती भांडायलाच. गुंता सगळा सारखा नसतो, जुन्या पातीचा राठ, कोवळ्या पातीचा मऊ. एकत्र कोंबलात तर आकडे रोज बदलणारच. तिचं बरोबर होतं. तिने बसून तीन ढीग वेगळे केले आणि आकडे स्थिरावले.

पुढच्या वर्षी गावच्या बँडच्या तालमीच्या खोलीला त्या गाद्या लागल्या. एदुविना मागच्या बाकावर बसून तीन गाणी ऐकून आली. कसं वाटलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, ट्रम्पेट आता कानात टोचत नाही.

संस्थेने तिला गाद्यांच्या कामावर बोलावलं, पण ती गेली नाही. अजून फणीवरच बसते. फणीखालचा गुंता दर गुरुवारी संस्थेचा माणूस तीन वेगळ्या पोत्यांतून घेऊन जातो.