एका ‘हव’पायी

माझ्या एका शब्दापायी अख्खं विमान दोन देशांच्या मध्ये बेवारस झालं होतं, असं सांगितलं तर विश्वास ठेवाल? नका ठेवू. माझा तरी कुठे बसत होता!

मी आपल्या साकोलीची. नोकरी कोलकात्याला, एअर ट्रॅफिक कंट्रोलर. गावातल्या बायकांना वाटतं, पोरगी रोज विमानात बसते. कसलं काय! बंद खोली, खिडकी नाही, समोर पडदा, पडद्यावर ठिपके. दिवसभर पायलटांशी बोलायचं, तेही ठरलेल्या इंग्रजी शब्दांत. जास्तीचं अक्षर नाही. घरी आलं की बोलायला फक्त कुकर. शेजाऱ्यांचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. सीमेपलीकडच्या देशातला एक कंट्रोलर तेवढा आवाजाने ओळखीचा. त्याला सर्दी झाली की आधी मला कळायचं!

तर त्या दुपारी ब्रेकमध्ये आईचा फोन.

"जेवली का वो?"

"हव."

"एकटीच?"

"हव."

"मी बी एकटीच हावो. सारे धानाच्या रोवण्याले गेले. तू बोलत काहून नाही? बरी हायेस ना?"

"हव, आई."

ब्रेक संपला. डोळे पुसले, खुर्चीत येऊन बसले. तोंडात मात्र साकोलीच होती, ‘हो’च्या जागी ‘हव’.

एक विमान सीमेजवळ आलं होतं. सीमा आली की ते पलीकडच्याच्या हवाली करायचं असतं. हॉटलाइन वाजली. लाइनवर नुसती खरखर. पलीकडच्याने इंग्रजीत विचारलं, मी घेऊ का आता त्याला?

मी म्हटलं, "हव!"

"यू हॅव?"

"हव, हव!"

"ओके. यू हॅव." आणि फोन बंद.

मला वाटलं, चला, दिलं! त्याला वाटलं, ही ‘हॅव’ म्हणते, म्हणजे विमान हिच्याकडेच राहणार. मी पायलटला सांगितलं, तिकडे बोल. तिकडचा म्हणाला, मागच्या बाईंशीच बोल. पायलट परत माझ्याकडे! मी पुन्हा पाठवला. तो पुन्हा आला. अहो, बस असती तर म्हटलं असतं, लाव बाजूला, चहा पी. आभाळात विमान थांबतं का?

शेवटी पायलटच बोलला, "मॅडम, मला कुणी घेणार आहे की नाही?"

खोटं वाटेल, पण त्या भीतीतही मला त्याचं फार वाईट वाटलं. आपण कुणाचेच नाही, हे कसं वाटतं ते मला विचारा!

सुपरवायझर धावत आले. हॉटलाइनचा फोन उचलला, दोन वाक्यांत मामला मिटवला. विमान सुखरूप गेलं. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात?"

"हव, सर."

"काय हॅव?"

आता यांना काय समजावू!

मला परत प्रशिक्षणाच्या वर्गात बसवलं, नव्या भरतीच्या पोरापोरींसोबत. लाजेने मान खाली घालून गेले. पण जेवणाच्या सुट्टीत बाजूच्या मुलीने डबा माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी मी झुणका नेला, तर साऱ्यांनी डबा चाटूनपुसून संपवला. रोज कुणीतरी विचारायचं, "दीदी, आज काय आणलं?" दिवस कसे गेले, कळलंच नाही.

शेवटी शिकवणारे सर म्हणाले, "अभिनंदन! तुम्ही पास. उद्यापासून पुन्हा कामावर."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "सर, एकदा नीट तपासून बघा ना. कुठेतरी नापास असेनच मी!"