लुंग फिनचे ठोकळे

बांग खाम गावच्या कालव्यावर पाण्याच्या दरवाजाचं काम निघालं आणि लुंग फिनला ठोकळे करायची नोकरी मिळाली. लुंग म्हणजे काका. पन्नाशीच्या माणसाला गाव दुसरं काय म्हणणार? काम दिसायला सोपं. भिंतीत ओतायच्या काँक्रीटचा नमुना लोखंडी साच्यात तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोके द्यायचे, दुसऱ्या दिवशी साचा उघडून ठोकळा पाण्यात ठेवायचा. अठ्ठावीस दिवसांनी बँकॉकच्या प्रयोगशाळेतलं यंत्र तो दाबून फोडी. फुटायला किती जोर लागला, त्यावरून भिंतीची ताकद ठरे.

हे शिकवलं नायचांग प्रयूनने. नायचांग म्हणजे इंजिनियर साहेब. पोरगेलासा, चष्मेवाला, पण माणूस सरळ. आपल्या उन्हात काँक्रीट कसं घट्ट होतं, याचा तो या ठोकळ्यांवरून दोन वर्षं अभ्यास करत होता. "थंड देशांतले आकडे आपल्याला कशाला चालतील, लुंग?" तो म्हणे, आणि लुंग फिन सगळं समजल्यासारखी मान डोलवी.

त्याला एवढंच समजलं होतं, की ठोकळा मोठ्या साहेबांकडे जातो. घरी भात शिजला की त्याची बायको वरचा पहिला डाव भिक्षूंसाठी काढून ठेवी. घरच्यांचं जेवण त्यानंतर. मोठ्यांकडे जायचं ते पहिलं आणि उत्तम, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून तो सकाळच्या पहिल्या घाण्यातलं काँक्रीट घेई, मोठे दगड हाताने वेचून टाकी आणि पस्तीसच्या जागी पन्नास ठोके देई. दुपारी ऊन चढलं की माल पटकन सरकावा म्हणून गडी त्यात पाणी वाढवत. तो पातळ, कच्चा माल भिंतीत जाई. लुंग फिनला ते दिसत होतं, पण भिंत काय, घरचीच.

त्या गड्यांत त्याचा जावई बुन्लुआ होता, मुलगी लामयाय हिचा नवरा.

"बाबा, एवढं मन लावून सासूबाईंचे पाय चेपले असते, तर त्या रोज मासे तळून घालत्या."

"तोंड आवर. आणि पाणी जरा कमी ओत."

"मग घट्ट माल ढकलायला तुम्ही या, मी ठोकळे सजवत बसतो."

ठोकळ्यांचे आकडे आले ते पाहून प्रयून हरखला. "एवढ्या ताकदीची गरजच नाही," तो म्हणाला, आणि पूर्वेच्या भिंतीला घाण्यामागे एक पोतं सिमेंट कमी केलं. लुंग फिनची पाठ त्याने सगळ्यांदेखत थोपटली. त्या दिवशी लुंग फिन घरी गेला तो जमिनीपासून वीतभर वरून चालत.

पावसाळ्याच्या अखेरीला कालव्यात पाणी सोडलं, आणि चौथ्या दिवशी पूर्वेची भिंत कोसळली. बुन्लुआ भिंतीच्या कोरड्या बाजूला खाली ओतकामाच्या फळ्या काढत होता. त्याला बाहेर काढायला अर्धा दिवस लागला.

दहनानंतर तीन दिवसांनी प्रयून घरी आला. डोळे सुजलेले, हातात वही. "ठोकळ्यांत खोट नाही, लुंग. पायाखालची मातीच खचली असणार. पुढच्या अकरा दरवाजांना पाया खोल घेऊ, माल हाच ठेवू."

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण अकरा भिंतींखाली अकरा बुन्लुआ असणार, हे लुंग फिनला दिसलं. त्याने सगळं सांगितलं. पहिला घाणा, वेचलेले दगड, पन्नास ठोके, दुपारचं पाणी.

"तू मला फसवलंस?"

"नाही, नायचांग. मी तुम्हाला मान दिला."

प्रयूनने वही उघडली. मग पेन काढून त्याने दोन वर्षांचे आकडे एकेक करून खोडले. "सिमेंट मी कमी केलं," तो हळूच म्हणाला. "दुपारी उन्हात एकदाही उभा राहिलो नाही." दोघांनाही रडू आवरेना. आतल्या दाराशी लामयाय उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. पुढच्या दरवाजाचे ठोकळे लुंग फिनने दुपारच्या पाणी वाढवलेल्या मालातून काढले, ते साहजिकच कमकुवत भरले आणि सिमेंट वाढलं. गावात त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

रिवाजाप्रमाणे मृत्यूनंतर शंभराव्या दिवशी बुन्लुआच्या नावाने अन्नदान होतं. लामयायने पातेल्याचं झाकण काढलं, वरचा पहिला डाव वाडग्यात घातला आणि वाडगं बापाच्या हातात दिलं.

"बाबा," ती त्या दिवसानंतर पहिल्यांदा बोलली, "पहिला भात भिक्षूंना जातो, पण खालचाही त्याच पातेल्यातला असतो. आपल्या माणसांच्या भातात आई कधी वरून पाणी ओतत नाही."

कालव्यातून भिक्षूंची होडी घाटाला लागली. लुंग फिन वाफाळतं वाडगं घेऊन पायऱ्या उतरला.