मेलेल्या डायोडची वेळ सांगणारे काका

मला वाचवलं ते कामरगावच्या टकटकवाल्या काकांनी, हे आधी सांगून टाकतो. जळालेल्या डायोडशी इतक्या मायेनं बोलणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरा नाही, हेही.

काका झटका मशीन दुरुस्त करतात. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत सेकंदाला एक झटका सोडणारी ही पेटी; चालू असली की टक्, टक् करते. काकांच्या दुकानात अशा दहा-बारा एकदम बोलत असतात. आपल्याशी बोलता बोलता काका बोट वर करतात. "थांब. एक कमी झाली." आणि खरंच एक गप्प झालेली असते. पेटीतलं मेलेलं बोर्ड ते नाकाला लावतात आणि ते कधी गेलं ते सांगतात, सकाळी की दुपारी. आभाळातल्या विजेचा तडाखा स्वतःवर घेऊन बोर्ड वाचवणारा डायोड जळाला, तर तो फेकत नाहीत, पेढ्याच्या डब्यात ठेवतात. दसऱ्याला पकडी-पान्यांच्या शेजारी त्या काळ्या कणांनाही हळदकुंकू लागतं, आणि प्रत्येकाला विचारलं जातं, "कोनासाठी गेला बाप्पा?" मग उत्तर येईपर्यंत काका थांबतात. काकू आतून ओरडतात, "जित्या मानसाशी बोलाले यायले टाइम नाही!"

मी सांगलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. घरी सांगितलंय, इंजिनिअर आहे. खरं तर ठेकेदाराच्या पेट्या जोडून शेतात बसवतो. किन्हीराजाच्या एका शेतात मी बसवलेल्या तीन पेट्या एकामागून एक गेल्या. आभाळ निरभ्र, पान हलत नाही, घड्याळाचा काटा बाराच्या पुढे सरकला की टकटक बंद. शेतकरी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत पाय टाकेना. "भाऊ, बारा वाजले का कोनीतरी तिचा गळा दाबते." ठेकेदार म्हणाला, चौथी गेली तर बॅग भर. मी घरी कुठल्या तोंडानं जाणार होतो?

तिसरी पेटी काकांकडे नेली. त्यांनी आतल्या डायोडचा वास घेतला आणि हसले. "याले इजेनं नाही मारलं. हा भर दुपारी तपून तपून मेला."

वेळ मी त्यांना सांगितलीच नव्हती.

"कितीचा डायोड टाकला?"

"बारा व्होल्टचा. बॅटरी बाराची, म्हणून."

"वा, इंजिनेर साहेब! अन् उन्हात सोलरवर चार्ज होतानी थे बॅटरी किती दाखवते?"

मी मीटर कधी लावलाच नव्हता. दुकानासमोर उन्हातल्या बॅटरीला लावला, तर साडेचौदा व्होल्ट. म्हणजे विजेसाठी नेमलेला माझा राखणदार रोज दुपारी उगाच उभा राहून भाजत होता. शेवटी तो आतून शॉर्ट व्हायचा, फ्यूज उडायचा आणि पेटी गप्प.

"साडेचौदापर्यंत झोपून राह्यला पायजे, म्हून सोळाचा घे," काका म्हणाले. "मंग तडाखा आल्यावर किती व्होल्टवर धरून ठेवते, थे पाय. हा सव्वीसवर धरते, तुह्या बोर्डातली चिप पस्तीस झेलते. जमलं. अन् अंगानं मोठा घे, पंधराशे वॅटचा. उघड्या माळावर बारक्याचं काम नाही."

चौथी पेटी लावायला ते स्वतः आले. बारा वाजता आम्ही तिघं श्वास धरून उभे. टक्. टक्. काटा पुढे गेला. टक्. शेतकऱ्यानं हळूच धुरा ओलांडला. मी तर तारेलाच नमस्कार करणार होतो. काका मात्र पेटीवर वाकून कुजबुजले, "जाशीन तवा सांगून जाजो."

ते मला म्हणाले नव्हते.

परवा दुकानात गेलो. एक पेटी बंद पडलेली होती आणि काकांचं बोट वर झालं नाही. मला पाहून त्यांनी अगदी हळू विचारलं, "समद्या बोलून राह्यल्या नं रे?"

"एक कमी आहे, काका."

त्यांनी मान हलवली आणि डावा कान चोळत राहिले.

काका, तुमचे उपकार मी असे फेडीन: ज्या दिवशी तुम्हाला एकही टक् ऐकू येणार नाही, त्या दिवशी तुमच्या शेजारी स्टूल टाकून बसेन, आणि एक कमी झाली की तुमचं बोट धरून वर करीन.